बाळंतपण कुठे करायचे? : एका घरगुती निर्णयाचा इतिहास



मंडळाच्या या वार्षिक व्याख्यानमालेत आजवर शिलालेख, संतवाङ्मय, नाट्यसंगीत, सीमाप्रश्न असे भारदस्त विषय येऊन गेले. त्यांच्या पंगतीत बाळंतपणाचा विषय घेऊन बसताना मला थोडा संकोच वाटतो. शिवाय मी होमिओपॅथ. बी. एच. एम. एस. होऊन ४० वर्षे होत आली, पण माझ्या दवाखान्यात बाळंतपण होत नाही. तरीही या ४० वर्षांत मला सगळ्यांत जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न माझ्या गोड गोळ्यांविषयीचा नाही. घरातल्या मुलीला सातवा महिना लागला की कोणीतरी वडीलधारे खुर्ची पुढे ओढून, आवाज खाली आणून विचारतात, ‘‘डॉक्टर, नाव कुठे घालायचे? सिव्हिलला की प्रायव्हेटला?’’

आवाज खाली का येतो, याचा मी बरीच वर्षे विचार केला आहे. आजाराची लाज नसते तेवढी लाज या प्रश्नाला असते. जणू काही विचारणारा रुग्णालयाविषयी विचारत नसून आपल्या घराण्याची पायरी कोणती, हे विचारतो आहे. ही लाज कुठून आली हे शोधायला गेलो आणि इतिहासात शिरलो.

इतिहासाची पहिली गोष्ट आपण विसरतो ती अशी, की शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीपर्यंत, इथे काय आणि युरोपात काय, ऐपतीच्या घरातली बाई बाळंतपणासाठी घराबाहेर पडतच नसे. रुग्णालयात बाळंत व्हायला जाई ती निराधार बाई. तिथे पैसे पडत नसत, आणि त्या बदल्यात विद्यार्थी तिच्यावर शिकत. व्हिएन्नाच्या मोठ्या सार्वजनिक रुग्णालयात अशा बायकांसाठी दोन विभाग होते. एकात वैद्यकीचे विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुइणी. बाई कोणत्या दिवशी आली यावर तिचा विभाग ठरे. पहिल्या विभागात बाळंतज्वराने मरणाऱ्या बायकांचे प्रमाण शंभरात सरासरी दहाच्या आसपास, तर दुसऱ्यात चाराहून कमी. डॉक्टरांना कारण उमगत नव्हते. हवा, गर्दी, मनाची भीती, नाना तर्क चालले होते. बायकांनी मात्र तर्क केला नाही. त्यांनी निवड केली. पहिल्या विभागात टाकू नका म्हणून त्या गुडघे टेकून विनवीत. काहीजणी तर वाटेतच बाळंत झालो असे दाखवून मूल हातात घेऊन येत. पुढे १८४७ साली इग्नाझ सेमेलवाइस या डॉक्टरने ओळखले, की शवविच्छेदन करून आलेले विद्यार्थी तेच हात घेऊन प्रसूतीच्या खोलीत येतात. क्लोरीनच्या पाण्याने हात धुणे त्याने सक्तीचे केले. एप्रिलमध्ये शंभरात अठरा असलेले मृत्यू जूनमध्ये दोनावर आले. सेमेलवाइसचे नाव आज पुस्तकात आहे. त्या विनवण्या करणाऱ्या बायकांना ही गोष्ट त्याच्या आधी कळली होती, ही नोंद मात्र कोणी वेगळी केलेली नाही.

आता आपल्या घराकडे वळू.

माझा जन्म घरचा. १९६१ साल, बेळगावहून फार लांब नसलेले खेडे, आणि चुलीमागची अंधारी खोली. आमच्या जैन घरात दहा दिवस सोयर. बस्तीत जायचे नाही, देवाच्या वस्तूंना हात लावायचा नाही, आणि बाळंतिणीने तर सव्वा महिना त्या खोलीबाहेर यायचे नाही. शेगडी, ओवा-बाळंतशोपांची धुरी, खाटेखाली विळा. सटवाई ही आमच्या धर्मातली देवता नव्हे, पण पाचवीच्या रात्री आजी गुपचूप पाटा मांडायचीच. लहानपणी मला ते हास्यास्पद वाटे. पुढे कॉलेजात नवजात धनुर्वात शिकलो. न उकळलेल्या विळ्याने वा पात्याने नाळ कापली, की साधारण पहिल्या आठवड्यात मूल दूध ओढायचे थांबते आणि ताठ होऊ लागते. तेव्हा त्या पाचवी-सहावीच्या रात्रीची भीती कशाची होती, ते समजले. भारतातून हा रोग जवळजवळ हद्दपार झाल्याचे शिक्कामोर्तब व्हायला २०१५ साल उजाडावे लागले.

सूईण बहुधा गावकुसाच्या बाजूची असे. तिला धान्य, नारळ, लुगडे मिळे. एरवी सोप्यावर बसायची मुभा नसलेल्या बाईच्या हातात घरचा वंश सोपवला जाई. कानडीत तिला सूलगित्ती म्हणतात. तुमकूर जिल्ह्यातल्या सूलगित्ती नरसम्मांना २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली; त्यांनी १५,००० हून अधिक बाळंतपणे केली होती. सूईण म्हणजे अज्ञान, असे सरसकट म्हणणाऱ्यांत मी नाही. अडलेल्या बाईजवळ रात्रभर बसण्याचा तिचा संयम आजच्या किती डॉक्टरांपाशी आहे? पण रक्त वाहू लागले की ती हतबल होई, आणि हतबलतेलाच पुढे नशीब म्हटले जाई. १९४६ च्या भोर समितीने आपल्या देशात दर हजार जिवंत जन्मांमागे सुमारे २० माता दगावतात असा अंदाज दिला होता. ‘बाळंतपण म्हणजे बाईचा पुनर्जन्म’ असे आपल्या आज्या म्हणत. त्यांना ही संख्या ठाऊक नव्हती, तरी तिचा अर्थ पुरता ठाऊक होता.

घर सोडून रुग्णालयात जायचे, तर तिथे पुरुष डॉक्टर. ही अडचण फोडण्यात मराठी स्त्रियांचा वाटा मोठा आहे. कल्याणच्या आनंदीबाई जोशींना वयाच्या चौदाव्या वर्षी मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. त्या दुःखातून त्या पेनसिल्व्हेनियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयापर्यंत पोचल्या. १८८६ मध्ये त्या डॉक्टर झाल्या. त्यांच्या प्रबंधाचा विषयही प्रसूतिशास्त्रच होता, प्राचीन हिंदूंचे. कोल्हापूर दरबाराने आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्री-विभाग त्यांच्यासाठी राखला. आपण ज्याला आज ‘सीपीआर’ म्हणतो तेच ते. पण क्षयाने ग्रासलेल्या आनंदीबाई त्या खुर्चीवर कधी बसल्याच नाहीत. फेब्रुवारी १८८७ मध्ये, बाविसावे पुरे होण्याआधी, पुण्यात त्या गेल्या. मुंबईत १८८६ मध्येच पारशी दात्याच्या पैशातून कामा रुग्णालय उघडले. बायकांसाठी बायकांनी चालवलेले, डॉ. एडिथ पेची यांच्या देखरेखीखालचे. त्याच सुमारास, १८८५ मध्ये, व्हाइसरॉयच्या पत्नी लेडी डफरिन यांनी निधी काढला आणि संस्थानांत जनाना दवाखान्यांची लाट आली.

या मालेचे वाचक जिथे जिथे पिढ्यान्पिढ्या राहतात, तिथे ही लाट पोचलेली आहे. इंदूरचे महाराजा तुकोजीराव रुग्णालय, ग्वाल्हेरचे कमलाराजे, हैदराबादचे व्हिक्टोरिया जनाना: या नावांत आपल्यापैकी कितीजणांच्या आज्या-पणज्यांची नावे नोंदलेली असतील. संस्थानिकांचे नाव, सरकारी पैसा आणि पडद्याची हमी, असा तो मिलाफ होता. तरी बायका येईनात. सुरतेला डॉ. रखमाबाईंनी बायकांची भीड चेपावी म्हणून एका गाभण शेळीचे बाळंतपण दवाखान्यात करून दाखवले, असे सांगतात. आणि हेही खरे, की सरदार-सावकारांच्या वाड्यांवर डॉक्टरीणबाई बग्गीतून जात. वाडा दवाखान्याकडे येत नसे. दानशूर घराण्यांनी बांधलेला दवाखाना दुसऱ्यांच्या बायकांसाठी असे. आपली लाज इथलीच आहे. तिचा औषधोपचाराशी संबंध नाही.

आमच्या भागात या दोहोंच्या मधली एक वाट होती, मिरजेची. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये तिथे मिशनचे रुग्णालय उभे केले आणि बेळगाव-मिरज रेल्वेमार्गावरच्या तीन पिढ्यांनी ‘मिरजेला नेणे’ हा वाक्प्रचार कमावला. अडलेली बाई, मुतखडा, हर्निया, काहीही असो, मिरजेला न्या. ते सरकारी नव्हते आणि आजच्या अर्थाने खासगीही नव्हते. तिथे जाण्यात कोणाला कमीपणा वाटला नाही. यावरून एवढे दिसते, की लोक चांगल्या हाताच्या शोधात असले की मालकी विचारत नाहीत. मालकी विचारतात ते निवांतपणी.

१९४९ मध्ये मुंबई सरकारने नर्सिंग होमच्या नोंदणीचा कायदा केला. तेव्हा बेळगाव मुंबई राज्यातच होते. १ नोव्हेंबर १९५६ ला आपण म्हैसूर राज्यात गेलो, तो विषय या मालेत पुष्कळ झाला आहे. कायदा आला म्हणजे धंदा आलेला होता. पण आमच्या गल्लीपर्यंत नर्सिंग होम पोचले ते माझ्या तरुणपणी. नवरा सर्जन, बायको स्त्रीरोगतज्ज्ञ, खाली ओपीडी, वर आठ खाटा, त्याच्या वर त्यांचे राहते घर. या नमुन्याने शहरे भरून गेली. मध्यमवर्गाला त्यात मोठी सोय सापडली. ते घरासारखे होते. वेगळी खोली, आईला रात्री झोपायला जागा, शिरा-तूप आत नेता येई, ओळखीची डॉक्टरीण. शिवाय पहिले बाळंतपण माहेरचे, खर्च माहेरचा. तेव्हा खोली स्पेशल घेतली की जनरल, हे व्याहीमंडळी बघणार. सरकारी दवाखाना मग ज्यांना कोणी नाही त्यांच्यासाठी उरला. म्हणजे व्हिएन्नाची जुनी वाटणी आपण नव्याने केली. वाड्याच्या जागी नर्सिंग होम आले, एवढेच.

आता माझीही हकीकत सांगतो, कारण ती न सांगता हा निबंध लिहिणे अप्रामाणिकपणाचे होईल.

१९९१ चा आषाढ. पत्नीचे दुसरे बाळंतपण, आणि काही कारणाने ते आमच्याकडेच करायचे ठरलेले. सिव्हिलमध्ये माझ्या ओळखीचे डॉक्टर होते. तिथे नाव घालावे असे मी म्हणून पाहिले. आत्या म्हणाली, ‘‘सिव्हिलात कशाला रे? माणसं नाहीत का आपल्याला?’’ मी गप्प बसलो. खरे सांगायचे तर मला ते ऐकायला बरेच वाटले. दोन गल्ल्या पलीकडच्या नर्सिंग होममध्ये नाव घातले. रात्री पावणेनऊला मुलगी झाली, सुखरूप. पेढे आले, डॉक्टर घरी गेल्या. मग रक्त थांबेना. डॉक्टरांना परत बोलावले, त्या धावत आल्या, इंजेक्शने दिली; त्यांना मी दोष देत नाही, एकट्या बाईच्या हातात जेवढे होते तेवढे त्यांनी केले. पण भूल देणारे डॉक्टर लग्नाला परगावी, रक्त तिथे नाही, मदतीला एक आया. माझ्या पेटीत साबिना होते, बेलाडोना होते. मी पेटी उघडली नाही. त्या औषधांवर पोट भरणारा माणूस म्हणून हे लिहितो आहे, तेव्हा त्याचा अर्थ वाचकांनी नीट घ्यावा.

साडेबाराला तिला खुर्चीत बसवून जिना उतरवला आणि एका मित्राच्या मॅटाडोरमधून सिव्हिलला नेले. तिथे खाट नव्हती. दोन खाटांच्या मध्ये गादी घातली. पाळीवर असलेल्या तरुण डॉक्टरणीने एकही शब्द न बोलता दोन्ही हातांनी गर्भाशय दाबून धरले आणि किती वेळ कोण जाणे, तसेच धरून ठेवले. एक बाटली रक्त माझ्या मेहुण्याने दिले. दुसरी बाटली शेजारच्या बाळंतिणीच्या नवऱ्याने दिली. तो मार्केट यार्डात हमाली करत होता. त्या डॉक्टरणीचे नाव विचारायचे राहून गेले.

यावरून ‘सरकारीच चांगले’ असा निष्कर्ष काढाल तर माझ्यावर अन्याय होईल. त्याच वॉर्डात मी पुढचे चार दिवस काढले. कळा देणाऱ्या बाईवर ओरडणारी नर्स पाहिली, एका खाटेवर दोघी पाहिल्या, संडासाचे तर नावच नको. आणि मोठी इमारत म्हणजे सुरक्षितता असेही नाही. २०२४ च्या नोव्हेंबरात आमच्याच राज्यात, बळ्ळारीच्या सरकारी रुग्णालयात सिझेरियन झालेल्या काही माता दगावल्या आणि संशय सलाईनच्या बाटल्यांवर गेला. खासगीत जायचे म्हणून कर्ज काढणारी माणसे मूर्ख नसतात. त्यांना बहुधा वागणूक विकत घ्यायची असते.

दरम्यान काळ बदलला. १९९२-९३ च्या पहिल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातली जेमतेम २६ टक्के बाळंतपणे दवाखान्यात होत होती. २००५ मध्ये जननी सुरक्षा योजना आणि आशाताई आल्या, २०११ पासून सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियन, औषधे, जेवण, येण्याजाण्याची गाडी हे सारे मोफत करण्याचे ठरले. २०१९-२१ च्या पाचव्या पाहणीत दवाखान्यातील बाळंतपणे ८८.६ टक्क्यांवर पोचली, पैकी सरकारी दवाखान्यांत ६१.९. मातामृत्यूंचे प्रमाण २००१-०३ मध्ये लाखामागे ३०१ होते, ते २०१८-२० मध्ये ९७ झाले. भोर समितीचा अंदाज याच हिशेबात मांडला तर २,००० भरतो. इतका मोठा बदल आपल्या एका आयुष्यात झाला आणि आपण त्याबद्दल एक व्याख्यानही ठेवले नाही, हे मी मंडळाच्या कार्यकारिणीला मुद्दाम ऐकवले आहे.

पण त्याच पाहणीत दुसरा आकडा आहे. सरकारी दवाखान्यांत शंभरातली १४ बाळंतपणे सिझेरियनने झाली, खासगीत ४७. खासगीतल्या बायकांची हाडे काही वेगळी नसतात. अडचणीच्या केसेस तिकडे जातात म्हणावे, तर सर्वांत बिकट केसेस शेवटी सरकारी मोठ्या रुग्णालयातच येतात, जसे आम्ही गेलो. कारण नुसत्या पैशाचे नाही, रचनेचेही आहे. आठ खाटांच्या दवाखान्यात डॉक्टर एकच. दिवसभर ओपीडी करून ती प्रत्येक बाईसाठी चौदा तास जागू शकत नाही. भूलतज्ज्ञ सांगेल त्या वेळी येतो. काही बिघडले तर नातेवाईक काच फोडतात. मग दुपारी चारचे सिझेरियन सर्वांच्याच सोयीचे ठरते. त्यात मुहूर्त काढून आणणारे आपल्यातलेच आजोबा असतात, हेही लिहून ठेवतो. सिझेरियनने जीव वाचतात यात शंका नाही. २०१९ मध्ये माझ्या सुनेला मधुमेह होता, मूल मोठे होते, आणि एका मोठ्या खासगी रुग्णालयात तिचे सिझेरियन झाले ते योग्यच झाले. तिथे रक्त होते, बाळासाठी काचेची पेटी होती, आणि रात्री तीनला जागा असलेला भूलतज्ज्ञ होता.

आता आमच्या जिल्ह्याची एक गोष्ट, जी बेळगावकरांनाही फारशी माहीत नाही. या शतकाच्या आरंभी बेळगाव जिल्ह्याच्या खेड्यांत, घरी किंवा उपकेंद्रात बाळंत होणाऱ्या १,६२० बायकांवर इथल्या डॉक्टरांनी परदेशी सहकाऱ्यांबरोबर एक प्रयोग केला. मूल बाहेर आल्याबरोबर एएनएम सिस्टरने निम्म्या बायकांना मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या दिल्या, निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या पण औषध नसलेल्या. ना सुई, ना फ्रीज. अतिरक्तस्राव १२ टक्क्यांवरून ६.४ वर आला. जीवघेणा रक्तस्राव १.२ वरून ०.२ वर. २००६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये हे छापून आले, आणि पुढे त्या गोळ्या जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांत या कामासाठी गेल्या. याच कामात त्यांनी खुणा केलेली प्लास्टिकची एक चादर वापरली. बाळंतिणीखाली ती घालायची, रक्त खालच्या निमुळत्या पिशवीत जमते आणि किती गेले ते आकड्यांत दिसते. इथेच केलेल्या तुलनेत कळले, की अनुभवी डोळ्यांचा अंदाज प्रत्यक्षापेक्षा तिसऱ्या हिश्श्याने कमी पडतो. अलीकडे आफ्रिकेतल्या चार देशांतील ८० रुग्णालयांत अशीच खुणांची चादर आणि ताबडतोब करायच्या उपचारांची ठरलेली जुळणी वापरली गेली, आणि गंभीर रक्तस्रावाचे प्रकार ६० टक्क्यांनी घटले, असे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले.

हे वाचले तेव्हा मला १९९१ ची ती खोली आठवली. तिथे सुद्धा ‘‘थोडं जास्त जातंय, पण ठीक आहे’’ असेच कोणीतरी म्हणाले होते. डोळ्यांच्या अंदाजाने.

म्हणून आता कोणी आवाज खाली आणून विचारले, की मी सरकारी-खासगी बाजूला ठेवायला सांगतो आणि उलट विचारतो: रात्री दोनला तिथे डॉक्टर असते की बोलवावी लागते? भूल कोण देणार आणि तो किती वेळात पोचतो? रक्त इमारतीत आहे की चिठ्ठी घेऊन पळायचे? बिघडलेच तर ते कुठे पाठवतात, कोणाच्या गाडीतून? खानापूरच्या जंगलातल्या गावांना पावसाळ्यात रस्ता राहत नाही. तिथल्या मुलीला तारखेच्या दोन आठवडे आधी शहरात आणून ठेवणे हे कोणत्याही स्पेशल खोलीपेक्षा मोलाचे. तिच्याबरोबर आत एक बाई थांबू देतात का, हेही विचारा; सरकारी दवाखान्यांतही ही सोय द्यायची असा नियम आता झाला आहे, फक्त मागावी लागते. आणि तिचे हिमोग्लोबिन सातव्या महिन्यातच पाहा. नवाचे अकरा करून पाठवलेली मुलगी कुठल्याही दवाखान्यात अधिक सुखरूप असते.

हा मजकूर छापायला देण्याआधी पत्नीला वाचायला दिला. तिने दोन दुरुस्त्या सांगितल्या. एक, सिव्हिलमधली गादी दोन खाटांच्या मध्ये नव्हती, भिंतीकडेला होती. दुसरी मी तिच्याच शब्दांत लिहितो. ‘‘व्हिएन्नाच्या बायकांचं लिहिलंत ते बरं केलंत. त्या रात्री पेढे वाटत होतात तेव्हा मी तुम्हाला तीनदा सांगितलं होतं, मला गरगरतंय, खालची चादर ओली लागतेय. तुम्ही म्हणालात, दमली आहेस, झोप.’’